दुधावाचून नऊ महिने

वीगन मुलगी दिवस राहिल्यावर माझ्याकडे येते ती सहसा एकटी येत नाही. सोबत नवरा असतो आणि सासू किंवा आई, कधी दोघीही. टेबलापलीकडे खुर्च्या दोनच, त्यामुळे नवरा भिंतीला टेकून उभा. बोलायला सुरुवात थोरल्या बाईंकडून होते. "मॅडम, तुम्ही हिला फक्त एवढंच सांगा, नऊ महिने तरी दूध घे. पुढे तुझं तू काय ते बघ." पुण्यातल्या एका प्रसूतिगृहात आहारतज्ज्ञ म्हणून मी बरीच वर्षं बसते आहे, आणि माझी नेमणूक दुधाचं वकीलपत्र घेण्यासाठीच झाली आहे असं घरच्यांनी गृहीत धरलेलं असतं. मुलगी माझ्याकडे बघतही नाही. मांडीवरच्या फाइलचा कोपरा दुमडत बसते, कारण माहेरी, सासरी, ऑफिसात डबा खाताना हे सगळं तिचं ऐकून झालेलं असतं.

दुधाचं मी नंतर बोलते. आधी त्या थोरल्या बाईंना विचारते, "तुम्ही स्वतः दिवसाला दूध किती घेता?" उत्तर ठरलेलं. सकाळचा चहा, दुपारचा चहा, जेवताना घोटभर ताक, मुलांचं खाऊन उरलं तर दही. हिशेब केला तर वाटीभर दूधसुद्धा होत नाही. घर शाकाहारी, रोज सकाळी दुधाच्या पिशव्या दाराशी पडतात, पण ते दूध चहात जातं, विरजणात जातं, नातवंडांच्या पेल्यात जातं. घरातल्या बाईच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. अंडं तर स्वयंपाकघरात येतच नाही. आणि त्या घरात कुणी कधी बी-१२ तपासलेलं नसतं.

हा प्रश्न मी टोमणा मारायला विचारत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व कुठल्याही भाजीत, डाळीत, फळात नसतं. ते जिवाणू बनवतात, आणि आपल्यापर्यंत पोचतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं. गरोदरपणात रोजची गरज अडीचच्या घरात आहे. म्हणजे चहापुरतं दूध घेणारी शाकाहारी बाई आणि दूध अजिबात न घेणारी वीगन बाई या दोघींत अंतर आहे, पण घरच्यांना वाटतं तेवढं नाही.

पुण्यात बसून हे सांगायला मला लांब जावं लागत नाही. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास केला आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग वर्षानुवर्षं ठेवला. शेतात राबणाऱ्या, बहुतांशी घरचं साधं जेवण जेवणाऱ्या या बायका. वीगन हा शब्दही तिथे कुणाला ठाऊक नसणार. त्यांच्यातल्या तिघींपैकी दोघींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. फोलेट कमी असलेली बाई जवळपास सापडलीच नाही. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा दिसलं ते असं: ज्या आयांचं फोलेट जास्त पण बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तेव्हापासून फोलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू आहे म्हणून निर्धास्त बसलेल्या शाकाहारी बाईला मी बी-१२ विचारल्याशिवाय सोडत नाही. दुधाच्या बाजूचा पुरावाही याच अभ्यासात आहे, तो मी झाकून ठेवत नाही: पालेभाज्या, फळं आणि दूध ज्या वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं जन्मतः सरस होती. पण पालेभाजी आणि फळं त्या यादीत दुधाच्या बरोबरीने आहेत, हे सासूबाईंच्या लक्षात आणून द्यावं लागतं.

भिंतीला टेकलेला नवरा एवढ्यात मोबाइल पुढे करतो. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये म्हटलं होतं की नीट आखलेला वीगन आहार गरोदरपणातही चालतो. कधी मुलीचा भाऊही आलेला असतो, त्याच्या मोबाइलवर दुसराच कागद असतो: जर्मनीच्या पोषण संस्थेने त्याच वर्षी गरोदर बायकांना या आहाराची शिफारस करत नाही असं सांगितलं. पुढे गंमत झाली. जर्मनांनी २०२४ मध्ये आपली भूमिका सैल करून 'शिफारसही नाही, विरोधही नाही' असं म्हटलं, आणि अमेरिकन संघटनेने २०२५ च्या निवेदनातून गरोदर बायकांना बाहेरच ठेवलं. मी दोन्ही मोबाइल बाजूला ठेवायला सांगते. भांडण 'नीट आखलेला' या दोन शब्दांचं आहे आणि ते आखण्याचं काम या टेबलावरच व्हायचं आहे.

आखायचं म्हणजे आधी काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारायचं. इथे वीगन मुलींचे सरळ दोन तट पडतात. एक ताटाचा बारीक विचार केलेली. एक मुलगी जनावरांची डॉक्टर होती. गोठ्यांवर काम करता करता तिने दूध सोडलं होतं. कुठल्या डाळीत किती प्रथिनं हे तिला माझ्याइतकंच तोंडपाठ होतं, बी-१२ ची गोळी ती लग्नाआधीपासून घेत होती, आणि तिच्या रिपोर्टात मला खोट काढायला जागा नव्हती. दुसरी तऱ्हा अशी, की दूध-तूप-दही सोडलं आणि त्या जागी काहीच आणलं नाही. सकाळी कोरी कॉफी आणि टोस्ट, दुपारी कँटीनचा भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी चिप्स, रात्री नूडल्स. हेही वीगनच. अशा मुलीला दूध प्यायला लावून फार काही साधणार नाही, तिचं सगळं ताटच मांडावं लागतं.

बदामाच्या दुधावर माझा विशेष राग आहे. बाजारातल्या काही सोया किंवा ओट पेयांत कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं असतं. ते डब्यावर लिहिलेलं असतं आणि वाचून घ्यावं. पण घरी पाच-सात बदाम भिजवून, वाटून, गाळून जे पांढरं पाणी निघतं, ते दुधाच्या जागी धरणं म्हणजे मनाचं समाधान. पेलाभर गाईच्या दुधात साधारण आठ ग्रॅम प्रथिनं आणि तीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. त्या बदामपाण्यात यातलं नावापुरतं. नारळाच्या दुधाचंही तसंच. चव उत्तम, सोलकढी करावी, पण कॅल्शियमसाठी त्याच्या भरवशावर राहू नये.

भरवसा ठेवायचा तो आजीच्या कोठीतल्या डब्यांवर. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम. मध्यम भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरलं तर एका भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास. तीळ त्याच्याही पुढे, पण टरफलासकट. दुकानातले पांढरेशुभ्र पॉलिश केलेले तीळ घेतले तर कॅल्शियमचा मोठा भाग टरफलाबरोबर गेलेला असतो. राजगिऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, चवळीची पालेभाजी. पालकाचं नाव सगळे आधी घेतात, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून या कामाला पालक उपयोगी नाही. टोफू घ्यायचा तर कॅल्शियमचा क्षार घालून गोठवलेला. लिंबू पिळून घरी केलेल्या टोफूत प्रथिनं मिळतील, कॅल्शियम तेवढं नाही. एवढं सगळं करूनही दिवसाला हजार मिलिग्रॅम गाठणं बहुतेकींना जड जातं, आणि मग गोळी असतेच. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमची गोळी सगळ्याच बायकांना देतात, दूध पिणाऱ्यांनाही. हे सांगितलं की समोरच्या दोन्ही पक्षांचे चेहरे थोडे निवळतात.

प्रथिनांचं गणित मी कागदावर मांडून दाखवते. शेवटच्या तीन महिन्यांत रोजच्या गरजेवर बावीस ग्रॅम जास्त लागतात, म्हणजे सत्तरच्या जवळ. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅम येतात, त्यामुळे 'डाळ खाते की' हे उत्तर पुरत नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, तीस ग्रॅम सोया वडी (यातून पंधरा ग्रॅम मिळतात), मूठभर शेंगदाणे, चण्याच्या पिठाचं धिरडं, पिठलं. मोड आलेली कडधान्यं मात्र शिजवून. सॅलडवर कच्चे मोड पेरून खाण्याची सवय या मुलींत फार, आणि गरोदरपणात तिथून जंतुसंसर्गाची भीती असते.

सातव्या महिन्यानंतर वेगळीच अडचण. डाळी, उसळी, भाकरी, पालेभाजी यांत चोथा भरपूर, आणि पोटाला तर बाळाने खालून दाबलेलं. चार घासांत पोट भरतं आणि वजन पुढे सरकत नाही. इथे तूप-लोण्याचा फायदा दूध घेणाऱ्यांना मिळतो, ते खरं आहे. मग ओलं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, भाजीवर वरून कच्चं तेल, खजूर, केळं, आणि दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं. कधी भाकरीऐवजी भात. 'हेल्दी' म्हणून जे जे कोंड्यासकट खात होतीस त्यातलं थोडं आता बाजूला ठेव, असं आहारतज्ज्ञाने म्हटलं की मुली चकित होतात.

गोळ्यांच्या बाबतीत मी वाद ठेवत नाही. बी-१२ ला पर्याय नाही. स्पिरुलिनामध्ये आहे, इडलीच्या आंबवलेल्या पिठात आहे, न धुतलेल्या भाजीवर आहे, हे सगळं मी ऐकलेलं आहे. स्पिरुलिनातलं बरंचसं रूप आपल्या शरीराला वापरताच येत नाही आणि इडलीवर बाळाचा मेंदू सोपवता येत नाही. एका वेळच्या खाण्यातून शरीर नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं, म्हणून गोळी आठवडाभर विसरून रविवारी आठवण्यात अर्थ नाही. किती ताकदीची आणि किती वेळा ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. हे जीवनसत्त्व कारखान्यातही जिवाणूंकडूनच करवून घेतात, त्यामुळे वीगन मुलीची त्याला तात्त्विक हरकत नसते. हरकत इतर ठिकाणी निघते: डी-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून, ओमेगा-३ ची कॅप्सूल माशाच्या तेलाची, आणि कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. याला वाटा आहेत. दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेलं डी-३ मिळतं, आणि मासे ज्या शेवाळातून डीएचए हे ओमेगा-३ मिळवतात त्या शेवाळाचं तेलही मिळतं. जवसाची चटणी चांगलीच, पण जवसातल्या ओमेगा-३ चं डीएचएत रूपांतर आपलं शरीर फार थोडं करतं. लोहाची गोळी जेवणानंतर, सोबत लिंबू किंवा आवळा. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून लांब. आणि मीठ आयोडीनचंच. गुलाबी मीठ, सैंधव घरात कौतुकाने वापरणाऱ्या मुलीला मी थायरॉइडच्या रिपोर्टाआधी मिठाचा डबा विचारते.

एक गोष्ट मी या मुलींना हमखास सांगते. लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून दगावत होत्या, त्याचं कारण ती परळच्या हाफकिन संस्थेत शोधत होती. लोह देऊन उपयोग नव्हता. शेवटी गुण आला तो मार्माइटने, म्हणजे बीअर करताना उरलेल्या यीस्टच्या अर्काने. १९३१ मध्ये तिने ते जाहीर केलं. त्या अर्कातला गुणकारी भाग म्हणजे फोलेट, जे पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. आज जगभर गरोदर बाईला मिळणाऱ्या फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीचं एक मूळ परळमध्ये आहे, आणि तो अर्क प्राणिजन्य नव्हता. मुलींना हे फार आवडतं. त्याआधी विल्सबाईंनी उंदरांवर आणि माकडांवर जे प्रयोग केले, तो भाग मी गाळते.

मात्र फोलेट एकटं धोक्याचंही आहे. बी-१२ च्या कमतरतेने झालेला रक्तक्षय फोलिक अ‍ॅसिडने वरवर सुधारतो, हिमोग्लोबिनचा आकडा शोभतो, आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. सरकारी लाल गोळीत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. बी-१२ नसतं.

ती गोळी मी वाटताना बघते ते दर महिन्याच्या नऊ तारखेला. सुरक्षित मातृत्व अभियानाचा तो दिवस. शहराच्या कडेच्या एका सरकारी केंद्रात जमेल तेव्हा मी जाऊन बसते. तिथे येणाऱ्या बायका बांधकामावरच्या, कुणी ऊसतोडीहून परतलेल्या. "काल काय खाल्लं?" "भाकरी, ठेचा." "आणि?" "कोरा चहा." दूध? लहानग्याला असतं. अंडं? कधी पगार झाला तर. यांच्या ताटात प्राण्यापासून आलेलं महिनामहिना काही नसतं. पण यांच्यासोबत भिंतीला टेकून काळजी करणारं कुणी आलेलं नसतं आणि मोबाइल कुणी पुढे करत नाही. कागदावर मी 'मिश्राहारी' असं लिहिते, कारण विचारल्यावर त्या "सगळं खातो" म्हणतात. तिथे मला शेवग्याचा पाला, शेंगदाणे, नाचणी आणि मिळत असेल तर अंगणवाडीतला शिधा स्वतः खा, पोरांना सगळा वाटू नको, एवढंच सांगता येतं. आदिवासी भागांत राज्य सरकारच्या अमृत आहार योजनेत गरोदर बायकांना शिजवलेलं जेवण आणि अंडं किंवा केळी मिळतात; या वस्तीत ती योजना लागू नाही.

दोन्हीकडे बसल्यामुळे माझं एक मत पक्कं झालं आहे. ठरवून, गोळी घेऊन, रक्त तपासत चाललेल्या वीगन मुलीची मला कमी काळजी वाटते. तिच्यावर सगळ्यांचे डोळे असतात. काळजी वाटते ती 'आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला काय होतंय' म्हणणाऱ्या घरातल्या सुनेची. आईमध्ये बी-१२ नसेल तर अंगावरच्या दुधातही ते नसतं. अशी बाळं सहा-आठ महिन्यांची होईतो गुटगुटीत दिसतात, मग मलूल होतात, बोटांच्या सांध्यांवर काळपट होतात, बसायला लागलेली बसेनाशी होतात, काहींचे हातपाय थरथरतात. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र कित्येक दशकं माहीत आहे, आणि त्यातल्या बहुतेक आया दुधाला वर्ज्य न मानणाऱ्या, साध्या शाकाहारी असतात.

म्हणून घरच्यांशी तह करताना मी एक अट घालते: सुनेचं बी-१२ तपासाल त्याच दिवशी सासूबाईंचंही. एकदा सासूबाईंचा आकडा सुनेपेक्षा खाली आला. रात्री तळपाय आग करतात म्हणून त्या कैक वर्षं काशाच्या वाटीने पाय घासून घेत होत्या. पुढच्या भेटीला दोघी एकाच रिक्षातून आल्या, गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत, आणि दुधाचा विषय कुणी काढला नाही.

बाळंतपणानंतर तो पुन्हा निघतो, आता डिंकाच्या लाडवांच्या रूपाने. अळिवाचे लाडू सोपे. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, ओलं खोबरं आणि गूळ, तूप लागतच नाही. (गरोदरपणात अळीव नको असं आपल्याकडे मानतात आणि मीही थांबायलाच सांगते, बाळंतीण झाली की खुशाल.) डिंक तळायला मात्र तूप हवं, असं सगळ्यांचं ठाम मत. वर सांगितलेल्या सासूबाईंनी तो खोबरेल तेलात तळून पाहिला, खाण्याच्या, घाणीवरच्या. फुलला. वास वेगळा येतो, त्याला त्यांनी जायफळ वाढवलं. तीच कृती मी आता इतरांना लिहून देते. अंगावर पाजताना कॅल्शियमची गरज बाराशेवर जाते आणि बी-१२ चालूच ठेवायचं असतं; बाळंतिणीचं लक्ष बाळात गेलं की पहिली बंद होते ती स्वतःची गोळी, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर मी ते लाल पेनाने लिहिते आणि नवऱ्याच्या हातात देते.

माझं काम साधारण इथे संपतं. सहा महिन्यांनी एखाद्या घरातून फोन येतो की उष्टावण ठरलं आहे. आत्याने चांदीची वाटी आणली आहे, मामा मांडीवर घेऊन भरवणार आहे, पण वाटीत खीर कशाची यावर दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि आईबाप अडून बसले आहेत. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्यायला सांगते, येताना बाळाच्या वजनाचा तक्ता आणा म्हणते, आणि नाचणीचं सत्त्व कसं काढायचं ते फोनवरच सांगते.